कार्बनची फ्रेम, औंधचा मुरूम

कार्बन फ्रेमची जाहिरात उघडली की पहिला आकडा दिसतो तो ग्रॅमचा. चांगली कार्बन हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, फ्रेम साधारण सव्वा किलोची, तशीच ॲल्युमिनियमची पावणेदोन ते दोन किलोची. फरक धरू सातशे ग्रॅम, आणि त्यासाठी मोजायचे दुपटीहून जास्त पैसे. आता जरा हिशेब करू. चालवणारा सत्तर किलोचा, सायकल तेरा, सोबतचं पाणी दोन, एकूण पंच्याऐंशी. खटाव तालुक्यातल्या औंधच्या यमाईच्या डोंगरासारखी एखादी चढण घ्या आणि तिची उभी उंची शंभर मीटर धरा. नियमित सायकल चालवणारा माणूस दीडशे वॉटच्या जोराने ती साधारण सव्वानऊ मिनिटांत चढेल. हवेचा आणि मातीचा अडथळा यात धरलेला नाही, तो धरला तर वेळ आणखी वाढेल. सातशे ग्रॅम कमी केले तर वाचतात साडेचार ते पाच सेकंद. पायथ्याशी पाण्याची एक बाटली ओतून टाकली तरी एकूण वजन तेवढंच कमी होतं, आणि ते फुकट. शर्यतीत पाच सेकंदांना किंमत असते, हे मान्य. पण हौसेने डोंगर-माळ धुंडाळणाऱ्याने फ्रेम निवडताना वजनाकडे सगळ्यांत शेवटी बघावं. आधी बघायचं ती फ्रेम कोणत्या जमिनीवर चालणार, अंगाला कशी बसणार आणि मोडलं-झिजलं तर तिचा सुटा भाग कुठे मिळणार.

जमीन म्हणजे काय, हे औंधला चांगलं कळतं. खटाव तालुका पर्जन्यछायेत येतो. डोंगर बोडके, कातळ काळा, वाटा मुरमाच्या. उन्हाळ्यात त्या मुरमाच्या सुट्या गोळ्या चाकाखाली छर्ऱ्यांसारख्या फिरतात आणि वळणावर पुढचं चाक सरकतं. उतारांवर जलसंधारणाचे सलग समतल चर खणलेले आहेत. ते ओलांडायला सायकल उचलावी लागते आणि उचलावीच, कारण चराचा बांध चाकाने ढासळवणं म्हणजे गावकऱ्यांच्या श्रमदानावर पाणी फिरवणं. शेताच्या बांधाला बाभूळ, वाटेच्या कडेला सराटे. सराट्याचं बी कोणत्याही कुशीवर पडलं तरी एक काटा वर राहतो, आणि साध्या ट्यूबला तेवढं पुरतं. इथे सायकलची खरी सुधारणा होते ती टायरमध्ये. २.३५ ते २.४ इंची रुंद टायर, आत ट्यूब नाही, फक्त पातळ चिकट सीलंट. काटा घुसला की भोकाशी सीलंट जमतं, एक सुस्कारा ऐकू येतो आणि चाक चालत राहतं. ट्यूब नसल्यामुळे हवाही कमी ठेवता येते, वीस-पंचवीस पीएसआय, त्यामुळे रबर मुरमाला धरून राहतं. म्हणून फ्रेम बघताना पहिला प्रश्न असा, की मागच्या फाट्यात २.४ इंची टायर बसून दोन्ही बाजूंना चिखलापुरती जागा उरते का? नसेल, तर ती आठशे ग्रॅमची असली तरी आपल्या कामाची नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. आपल्याकडे सायकलचं माप म्हणजे सीटच्या नळीची लांबी, ही सवय रोडस्टरच्या काळातली. माउंटन बाइकमध्ये सीट वर-खाली करता येते, त्यामुळे त्या आकड्याला आता फारसा अर्थ उरला नाही. बघायचा तो रीच, म्हणजे पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, कारण उभं राहून उतरताना शरीराला तेवढीच जागा मिळते. आणि बघायचा हँडलच्या नळीचा कोन. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मारिन परगण्यात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं डोंगरावरून शर्यती लावू लागली आणि पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने या कामासाठी वेगळी फ्रेम घडवली. तेव्हापासून हा कोन हळूहळू निजत आला आहे. आजच्या साध्या ट्रेल हार्डटेलला तो पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या दरम्यान असतो. कोन जितका निजलेला तितकं उतारावर चाक स्थिर, पण सपाटीवर आणि अरुंद चढणीवर हँडल जड. आपल्या माळांवर चढ-उतार आखूड आणि वळणं फार, तेव्हा सदुसष्टच्या आसपासचा कोन आणि १२० मिलिमीटर दबणारा फोर्क पुरेसा आहे. इथे एक चूक नेहमी होते. फ्रेम १२० मिलिमीटरसाठी बनलेली आणि हौसेने फोर्क बसवला १४० चा. दर दहा मिलिमीटरमागे कोन अर्ध्या अंशाने निजतो, सीट मागे झुकते, चढावर पुढचं चाक उचलायला लागतं. शिवाय लांब फोर्कचा तरफेसारखा ताण हँडलच्या नळीवर येतो आणि कंपनीची हमी बहुधा तिथेच संपते.

तिसरा प्रश्न सुट्या भागांचा, आणि माझ्या मते हाच निर्णायक. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला आटे कळतात. बॉटम ब्रॅकेटच्या नळीला साधे आटे असतील, म्हणजे ज्याला बीएसए म्हणतात ते, तर उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा आणि डावीकडचा सुलट्या, हे त्याला सांगावं लागत नाही. योग्य पाना असला की काम दहा मिनिटांचं. त्याऐवजी फ्रेम प्रेसफिटची असेल तर बेअरिंग दाबून बसवायचं, काढताना ठोकून काढायचं, आणि नळीचा गोलवा केसभर चुकला असेल तर दर पायडलला करकर. हातोडीच्या त्या ठोक्यांखाली कार्बन असतं, हे विसरू नये. मागचा एक्सल बारा मिलिमीटर जाड आणि १४८ रुंद, म्हणजे बूस्ट, असेल तर चाकं सहज मिळतात. १५७ चा असेल तर पुण्या-मुंबईतसुद्धा शोधावं लागेल. गिअर बदलणारा डिरेलर जिथे लटकतो तो ॲल्युमिनियमचा हँगर पडल्यावर मुद्दाम वाकावा असाच केलेला असतो, म्हणजे तो बदलावा लागणारच. प्रत्येक कंपनीचा हँगर वेगळा, ही वर्षानुवर्षांची डोकेदुखी होती. २०१९ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या एसरॅम कंपनीने सर्वांसाठी एकच हँगर आणला, त्याला युनिव्हर्सल म्हणतात. नव्या फ्रेमला तो आहे की नाही, हे रंगाच्या आधी विचारा.

यावर आक्षेप येतो की कार्बन काचेसारखं तडकतं, ते खेड्यापाड्यात न्यायचंच कशाला? या भीतीला याच मुलखात एक जुनं भावंड आहे. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात झाली ती १८८८ मध्ये बेळगावच्या सायकलच्या दुकानातून. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, आज सांगली जिल्ह्यात आहे ती. नांगराबद्दलची भीती खोटी होती. कार्बनबद्दलची अर्धी खरी आहे, म्हणून ती नीट सांगितली पाहिजे. कार्बनचे धागे केसापेक्षा बारीक, राळेत भिजवलेल्या पट्ट्यांच्या रूपात साच्यात एकावर एक बसवतात आणि उष्णतेने घट्ट करतात. धाग्याच्या दिशेने ताण आला तर ते पोलादालाही हार जात नाही आणि ॲल्युमिनियमसारखं वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी थकत नाही. पण नळीवर आडवा, टोकदार मार बसला किंवा ती चिमटली गेली तर आतले थर सुटतात आणि बाहेरचा रंग तसाच राहतो. मधल्या भागात नळीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची असते. तेव्हा एसटीच्या टपावर दोरीने करकचून बांधणं, दुरुस्तीच्या स्टँडला वरच्या नळीत धरणं, ही घात होण्याची ठिकाणं. चाकाने उडवलेला कातळाचा तुकडा खालच्या नळीवर आदळतो, तिथे जाड पारदर्शक फिल्म चिकटवावी. पडल्यावर नाण्याने नळी वाजवून बघावी. एके ठिकाणी खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर चालवणं थांबवावं. तडकलेली नळी जाणत्या कारागिराकडून नवे थर चढवून दुरुस्त होऊ शकते, वाकलेलं ॲल्युमिनियम मात्र सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

बिननावाच्या, थेट चीनहून येणाऱ्या स्वस्त फ्रेमचा मोह याच ठिकाणी तपासावा. चीन वाईट आणि युरोप चांगला असा हा मामला नाही, कारण मोठ्या नावांच्या बहुतेक कार्बन फ्रेमही तैवान किंवा चीनमध्येच घडतात. पट्ट्या कुठल्या दिशेला किती घातल्या हे बाहेरून दिसत नाही, म्हणून विक्रेता आयएसओ ४२१० च्या चाचण्यांचा अहवाल देतो का, हमी इथे भारतात कोण पाळणार, हे विचारायचं. उत्तर गोलमोल आलं तर ती फ्रेम सोडून द्यावी.

जोडणीत घाईने बिघडतं ते आवळण्यात. हाताच्या अंदाजाने ‘टाईट’ करण्याची आपली पिढीजात सवय पोलादाने सहन केली, कार्बन करत नाही. सीटचा क्लॅम्प बहुधा पाच न्यूटन मीटर, स्टेमचे बोल्ट चार ते सहा, हा आकडा भागावरच छापलेला असतो. तो पाळायचा तर टॉर्क पाना हवाच. दुकानात नसेल तर स्वतः घ्या, अख्ख्या सायकलीच्या खर्चात तो किरकोळ आहे. सीटपोस्टला ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावावी. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पोस्ट सरकत नाही. ॲल्युमिनियमचा पोस्ट कोरडाच आत ठेवला तर घाम आणि ओलाव्याने दोन वेगळे धातू एकमेकांना भिडल्यासारखी झीज सुरू होते आणि वर्ष-दोन वर्षांत तो असा अडकतो की फ्रेम कापायची वेळ येते.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. कंपन्या सुटे भाग घाऊक भावाने घेतात, त्यामुळे तयार सायकल जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. फ्रेम वेगळी घेऊन जोडण्याला अर्थ दोनच वेळा. एक, जुन्या सायकलीची चाकं, फोर्क, ब्रेक चांगले आहेत आणि नव्या फ्रेमला ते जसेच्या तसे बसतात. दुसरं, अंगाचं माप असं की तयार मापात बसत नाही. या दोन्हींपैकी काही नसेल आणि पैसे मोजके असतील, तर ॲल्युमिनियमची सायकल घ्यावी आणि उरलेली रक्कम फोर्क, टायर आणि ब्रेकवर घालावी; औंधच्या मुरमावर ती कार्बनच्या फ्रेमवर साधे भाग लावलेल्या सायकलीपेक्षा चांगली चालेल. आणि कार्बनच घेतलीत, तर जोडून झाल्यावर पहिले पन्नास किलोमीटर चालवा आणि मग टॉर्क पाना घेऊन एकूण एक बोल्ट पुन्हा तपासा.