टोळीतली पाच वानरे

वानरांची एक टोळी आहे. तिच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे उरेल त्याचा वर्ग करा. तितकी वानरे गुहेत शिरली. राहिलेले एक झाडावर दिसते आहे. तर टोळीत वानरे किती?

उदाहरण भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तले आहे. आजचा दहावीचा विद्यार्थी टोळीला 'क्ष' मानून वर्गसमीकरण मांडील: क्ष² − ५५क्ष + २५० = ०. उत्तरे दोन, ५० आणि ५. ताळा पाहा. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले, सात. सातांचा वर्ग एकोणपन्नास, वर झाडावरचे एक. जमले. आता पाच घ्या. पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले, उणे दोन. वर्ग चार, आणि एक, पाच. हेही जमले की! तरी भास्कराचार्यांनी पाच स्वीकारले नाहीत. एकातून तीन कसे जाणार? ऋण वानरे लोकांना पटत नाहीत.

गोम वर्गात आहे. वर्ग केला की उणे चिन्ह पुसले जाते, आणि समीकरणाला त्याची आठवण राहत नाही. ती विद्यार्थ्याने ठेवायची असते. पाचव्या हिश्श्यातून तीन वजा जायचे, तर टोळी पंधराहून लहान असता कामा नये. अकरावीत फलनाचा 'प्रांत' म्हणून जे शिकवतात, ते हेच.

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात, बरीच मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात. शाळेत मराठी येते. 'सिद्धता' हा शब्द कुठे अंगवळणी पडतो, तोच अकरावी विज्ञानाला बहुतेक ठिकाणी इंग्रजी सुरू होते. मग सूत्र पाठ करून दोन्ही उत्तरे लिहून मोकळे होणे आलेच. आणि 'पाच का नको?' हे विचारायला कोणत्याच भाषेत शब्द पुरत नाहीत. हे बुद्धीचे उणेपण खास नव्हे. हेच कोडे पावरीत सांगून पाहावे. सातपुड्यातल्या मुलाला वानरांची टोळी काय ती समजावून द्यावी लागत नाही!

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीचा हा सारा जुना खानदेश. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ चा शिलालेख तसे सांगतो. लेख बहुतांशी संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचे, हा देण्याघेण्याचा तपशील मात्र लोकांना कळेल अशा जुन्या मराठीत कोरला आहे.