सायंकाळचा भोंगा

मुलगा पुस्तक हातीं धरीत नाहीं, मोबाईल मात्र सोडीत नाहीं, ही तक्रार आमच्या कानीं नित्य येते. परवां एक गृहस्थ हेंच सांगावयास आले होते. पाव तासाच्या संभाषणांत त्यांनीं स्वतः तीन वेळां खिशांतून मोबाईल काढून पाहिला! आम्ही त्यांस कांहीं बोललों नाहीं. हा अंक त्यांच्या हातीं पडेल अशी आशा आहे.

तक्रार मात्र खोटी नव्हे. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद पडल्या आणि मोबाईल हाच वर्ग झाला. पुढें शाळा उघडल्या, परंतु हातांतील यंत्र हातांतच राहिलें. रात्रीं अंथरुणांत त्याचा प्रकाश डोळ्यांवर पडला म्हणजे झोंपेची वेळ झाल्याचें शरीरास कळविणारें 'मेलॅटोनिन' नामक द्रव्य उशिरां उत्पन्न होतें. पहिल्या तासास जांभया देणारीं मुलें आळशी असतातच असें नाहीं. पुष्कळांची झोंपच पुरी झालेली नसते. डोळ्यांचीही गोष्ट तशीच. चीनमधील ग्वांगझौ शहरीं पहिलीच्या कांहीं वर्गांस रोज ४० मिनिटें अधिक मोकळ्या हवेंत नेत असत. तीन वर्षांत त्यांपैकीं शेंकडा सुमारें ३० मुलांस दूरचें अंधुक दिसूं लागलें. इतर मुलांत हेंच प्रमाण सुमारें ४० भरलें. हा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला.

अगदीं लहान मुलांविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सुचविलें कीं, एक वर्षाच्या आंतील बालकांस पडदा मुळींच दाखवूं नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकांठीं एका तासाहून अधिक नको. तान्हें मूल आपल्या हुंकारास आईनें दिलेलें उत्तर ऐकत ऐकत बोलावयास शिकतें. पडदा बोलतो पुष्कळ, परंतु मुलास उत्तर देत नाहीं.

मग करावें काय? सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें १४ ऑगस्ट २०२२ रोजीं सभा भरवून एक ठराव केला. सायंकाळीं सातास देवळावरील भोंगा वाजावा, घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद व्हावेत, आणि साडेआठास पुन्हां भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास व मोठ्यांनीं वाचन किंवा आपसांत गोष्टी कराव्या. प्रारंभीं पुरुषमंडळींनीं ही कल्पना हंसण्यावारी नेली. बायकांनीं मात्र, आपण मालिका फार पाहतों, असें मोकळेपणें कबूल केलें व पाठिंबा दिला.

आमच्या मतें त्या भोंग्याचें सारें बळ तो घरांतील सर्वांसाठीं वाजतो यांत आहे. मुलास आंतल्या खोलींत अभ्यासास बसवून बाहेर आपण मालिका लावणें, हा बंदोबस्त नव्हे, ती शिक्षा होय. आणि शिक्षा चुकवावयास मुलें फार लवकर शिकतात.

शहरांत देवळावरील भोंगा मिळणार नाहीं. स्वयंपाकघरांतील एक फळी पुरे. रात्रीं जेवणापूर्वीं सर्वांचे मोबाईल तीवर ठेवावे, वडिलांचा पहिला, आणि ते सकाळींच उचलावे. पहिला आठवडा जड जाईल. मुलें कुरकुरतील, आणि खरें सांगावयाचें तर वडील मंडळी अधिक कुरकुरतील.