रहीमसाहेबांची खुर्ची : भारतीय फुटबॉलचे गुरू, काल आणि आज

एका प्रशिक्षकाच्या संघाने १० गोल खाल्ले, तरी तो टिकला आणि पुढे त्याने सुवर्णपदक आणलं. दुसऱ्याने एकाच वर्षात तीन स्पर्धा जिंकल्या आणि पुढच्याच वर्षी त्याला घरी पाठवण्यात आलं. दोघांत श्रेष्ठ कोण? भारतीय फुटबॉल संघाच्या गुरुजनांची ही पिढीजात तुलना...

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, किदवई नगर या सरकारी वसाहतींत संध्याकाळी चक्कर मारली, तर क्वार्टर्समधल्या मोकळ्या जागेत दहापैकी आठ पोरं क्रिकेट खेळताना दिसतात. उरलेल्या दोघांच्या पायात फुटबॉल असतो आणि अंगात मेस्सी किंवा रोनाल्डोच्या नावाची जर्सी. भारतीय संघाचा प्रशिक्षक कोण, हे त्यांना विचारायला जाऊ नका! गंमत म्हणजे, भारतीय फुटबॉलच्या इतिहासातली अनेक सोनेरी पानं याच वसाहतींपासून बसने सहज जाता येईल अशा तीन मैदानांवर लिहिली गेली आहेत.

पहिलं इंडिया गेटजवळचं नॅशनल स्टेडियम. १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इथेच सुवर्णपदक जिंकलं. दुसरं लोधी रोडचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. १९८२ च्या एशियाडसाठी ते उभं राहिलं आणि इथेच भारतीय फुटबॉलप्रेमींचं मन मोडलं. तिसरं दिल्ली गेटचं आंबेडकर स्टेडियम. तिथे २००७ ते २००९ या काळात पुन्हा एकदा आशेला पालवी फुटली. तीन मैदानं, तीन जमाने, तीन प्रशिक्षक. या तिघांच्या मागेपुढे आणखीही बरेच येऊन गेले; पण प्रत्येकाची तुलना अखेर एकाच माणसाशी होते. तो माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम.

शाळामास्तर ते संघाचा सूत्रधार

रहीम हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. हा मास्तरकीचा पिंड त्यांनी मैदानावरही सोडला नाही. हैदराबादेत त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा घेतल्या, की ज्यांत चेंडू पायात घोळवत बसायला मनाई. आला की लगेच जोडीदाराकडे द्यायचा! खेळाडूंनी दुबळा पायसुद्धा वापरायला शिकावं, यावरही त्यांचा कटाक्ष असे. या शिस्तीचा प्रसाद मुंबईकरांनाही मिळाला. रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा मानाचा रोव्हर्स कप उचलून नेला.

१९५१ च्या अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलवर भारताने इराणला हरवलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये काय झालं? युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा फडशा पाडला. कडाक्याची थंडी, निसरडं मैदान आणि आपले बरेचसे खेळाडू अनवाणी! आज असा पराभव झाला, तर प्रशिक्षकाचं सामान संघाच्या आधी विमानतळावर पोहोचेल. तेव्हा मात्र त्या पराभवातून धडा घेतला गेला. बूट घालणं सक्तीचं झालं. आणि चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकला संघ निघाला, तेव्हा प्रशिक्षक होते पुन्हा रहीमच.

मेलबर्नला त्यांनी संघाची मांडणीच बदलली. पन्नासच्या दशकात हंगेरीच्या संघाने साऱ्या युरोपला चकित करणारा एक डाव काढला होता. त्यांचा मधला आघाडीपटू पुढे न थांबता मागे सरकायचा आणि प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू गोंधळून जायचे. हीच कल्पना रहीम यांनी आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पाडली. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं हरवलं आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल ठोकले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी!

आणि मग १९६२ चं जाकार्ता. रहीम यांना कर्करोगाने गाठलं होतं. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्याने यजमान इंडोनेशियाचे लोक भारतावर खवळले होते. अंतिम सामन्यात सुमारे लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. समोर होता दक्षिण कोरिया, ज्याने साखळीत भारताला २-० असं नमवलं होतं. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीम यांनी त्याला विश्रांती दिली नाही. उलट बचावातून काढून थेट आघाडीवर खेळवलं! पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला आणि दुसरा केला याच जर्नेलसिंगने. भारत २-१ असा जिंकला. पुढच्या जूनमध्ये, १९६३ साली, रहीम गेले. फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण त्यानंतर भारताला कधीच मिळालेलं नाही. २०२४ मध्ये अजय देवगणच्या ‘मैदान’ चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचं नाव तरी कळलं, हेही नसे थोडके.

शब्दांचं टॉनिक

रहीम यांच्या तालमीत तयार झालेला पी. के. पुढे स्वतःच गुरू झाला. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये जी. एम. एच. बाशा आणि पी. के. या जोडीच्या मार्गदर्शनाखाली भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवलं. फुटबॉलमधलं ते आपलं शेवटचं एशियाड पदक.

पी. के. हे रहीम यांच्याहून निराळं रसायन होतं. रहीम यांचा जोर मांडणीवर, तर पी. के. यांचा खेळाडूंच्या मनावर. सामन्याआधी ते असं काही बोलत, की खेळाडूंच्या अंगात वीज संचारे. कोलकात्यात त्यांच्या या भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ असं नावच पडलं होतं. १९७७ मध्ये साक्षात पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला ईडन गार्डन्सवर २-२ असं बरोबरीत रोखणारा मोहन बागानचा संघ पी. के. यांचाच.

पण १९८२ ला टॉनिक थोडं कमी पडलं. दिल्ली एशियाडमध्ये भारताने बांगलादेश आणि मलेशियाला हरवलं, चीनला २-२ असं रोखलं. उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाविरुद्ध सामना संपता संपता गोल झाला आणि सगळं संपलं. देशात नुकत्याच आलेल्या रंगीत टीव्हीवर तो पराभव अनेक घरांनी पाहिला. पी. के. कमी पडले का? तसं म्हणता येत नाही. मधल्या काळात अरब देशांनी तेलाचा पैसा खेळात ओतला होता, कोरिया आणि जपान पद्धतशीर तयारी करत होते. आपण होतो तिथेच होतो. बाकीचे पुढे गेले होते.

परदेशी पाहुणे

मग नजर वळली परदेशाकडे. युगोस्लाव्हियाच्या चिरिच मिलोव्हान यांनी १९८४ मध्ये भारताला आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत नेलं. उझबेकिस्तानच्या रुस्तम अक्रमोव्ह यांनी १९९५ मध्ये सिक्कीमच्या अवघ्या अठरा वर्षांच्या बायचुंग भुतियाला संघात घेतलं. त्यांच्याच कारकिर्दीत, फेब्रुवारी १९९६ मध्ये, भारत जागतिक क्रमवारीत ९४ वा होता. क्रमवारीतलं ते आपलं सर्वांत वरचं स्थान.

पण पाहुण्यांमध्ये सगळ्यांत खोल ठसा उमटवला तो बॉब हॉटन या इंग्रजाने. स्वीडनच्या माल्मो या छोट्या क्लबला १९७९ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत नेणारा हा माणूस २००६ मध्ये भारतात आला. २००७ आणि २००९ मध्ये आंबेडकर स्टेडियमवर सीरियाला हरवून भारताने नेहरू चषक जिंकला. त्या दोन्हींच्या मधे, ऑगस्ट २००८ मध्ये, त्याच मैदानावर सुनील छेत्रीच्या तीन गोलांमुळे भारताने ताजिकिस्तानला ४-१ असं हरवून एएफसी चॅलेंज चषक पटकावला. या विजयामुळे तब्बल २७ वर्षांनी, २०११ मध्ये, भारताला आशिया चषकाचं दार उघडलं.

हॉटनचं गुपित काय होतं? खेळाडू हाताशी भरपूर दिवस असणं! लांबलचक शिबिरं आणि परदेशातले सराव दौरे त्यांनी महासंघाकडून मिळवले. तरीही दोहाच्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरिया या तिघांकडून मिळून भारताने १३ गोल खाल्ले. काही महिन्यांतच हॉटन यांनी राजीनामा दिला.

दरम्यान घरच्यांनाही थोडीथोडी संधी मिळाली. धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे गोव्याचे आर्मांदो कुलासो २०११ मध्ये आले, पण टिकले जेमतेम काही महिने. मग आले गोव्याचेच सावियो मेदेरा. त्यांनी त्याच वर्षी दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० असं हरवून सॅफ चषक मिळवला, पण पुढच्या वर्षी त्यांच्या जागी हॉलंडचे विम कोव्हरमन्स आले. त्यांनी नेहरू स्टेडियमवर कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून २०१२ चा नेहरू चषक जिंकला. प्रशिक्षक बदलत राहिले, पाटी तेवढी नवी लागत राहिली.

वरचढ कोण?

स्टीफन कॉन्स्टंटाइन या इंग्रज प्रशिक्षकाची गोष्ट बोलकी आहे. २०१५ मध्ये ते दुसऱ्यांदा भारतात आले, तेव्हा भारत क्रमवारीत १७३ पर्यंत घसरला होता. त्यांनी एकामागून एक तरुण खेळाडू संघात आणले आणि २०१७ च्या जुलैत भारत ९६ वर पोहोचला. जानेवारी २०१९ च्या आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ असं लोळवलं. शेवटच्या साखळी सामन्यात बहरीनविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी गेली आणि बाद फेरी हुकली. कॉन्स्टंटाइन यांनी त्याच दिवशी पद सोडलं.

त्यांच्यानंतरचे इगॉर स्टिमाच हे १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे खेळाडू. २०२३ हे त्यांचं वर्ष होतं. तीन देशांची स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ चषक, असे तीन किताब. पण २०२४ च्या सुरुवातीला कतारमध्ये आशिया चषकाचे तिन्ही सामने भारत एकही गोल न करता हरला, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं आणि जूनमध्ये स्टिमाच यांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ यांना आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. त्यांनी २०२५ च्या जुलैत निरोप घेतला.

ऑगस्ट २०२५ मध्ये महासंघाने निवडलं ते खालिद जमील यांना. मेदेरांनंतर सुमारे तेरा वर्षांनी कायम नेमणूक मिळालेला हा भारतीय प्रशिक्षक. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेडकडून आणि प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीकडून त्यांनी मुंबईची धूळ खाल्लेली. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल या गरीब क्लबला त्यांनी आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा साऱ्या देशाच्या भुवया उंचावल्या होत्या. सुरुवात झकास झाली. मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं.

मग श्रेष्ठ कोण? पदकं मोजली तर रहीम, यात वाद नाही. पण निव्वळ पदकांवर तोलणं अन्यायाचं ठरेल. १९५१ च्या एशियाडमध्ये फुटबॉलचे संघ होते फक्त सहा. २०१९ च्या आशिया चषकात होते २४, आणि तेही पात्रता फेऱ्यांची चाळण पार करून आलेले. रहीम यांच्या काळात जपान, कोरिया चाचपडत होते. आता ते विश्वचषकात जर्मनीसारख्यांना पाणी पाजतात.

उलट आजच्यांची बाजू घेतानाही एक गोष्ट विसरता येत नाही. रहीम यांच्या हाती ना पैसा होता, ना व्हिडिओ, ना आहारतज्ज्ञ. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे हैदराबादच्या गल्लीबोळांत स्वतः घडवलेली मुलं. दुसरी म्हणजे चुकायची मुभा. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर त्यांना काढलं असतं, तर मेलबर्नही झालं नसतं आणि जाकार्ताही.

पी. के. यांना खेळाडू मिळाले, पण आशियाशी स्पर्धा करणारी व्यवस्था मिळाली नाही. हॉटन यांना शिबिरं मिळाली, पण खालून येणारी नवी फळी मिळाली नाही. कॉन्स्टंटाइन यांनी फळी शोधली, तर तिला घडवणाऱ्या शाळा नव्हत्या. प्रत्येकाची झोळी कुठे ना कुठे फाटकीच होती आणि दर वेळी शिवण्याऐवजी झोळीवालाच बदलला गेला.

राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तो वीस-बावीस वर्षांचा होऊन. दुबळा पाय वापरायला तोवर कुणी शिकवलं नसेल, तर क्रोएशियाचा माणूस येवो की स्पेनचा, तो काय करणार? म्हणून रहीमसाहेबांच्या खुर्चीचा खरा वारस शोधायचा असेल, तर आधी शाळेच्या मैदानावर पाहायला हवं. आपल्या मुलाच्या शाळेत फुटबॉल शिकवणारा मास्तर आहे का आणि त्याला मैदान मिळतं का, एवढा एक प्रश्न पालकांनी पुढच्या पालकसभेत विचारला, तरी पुष्कळ झालं. भारताला सुवर्ण मिळवून देणारा माणूसही मुळात एक शाळामास्तरच होता.