अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याचे डोळे

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले मूल पूर्वी क्वचितच हाती लागे. आता नवजात बालकांच्या खास कक्षात अशी पुष्कळ मुले जगतात. मात्र त्यांच्या डोळ्यांत पुढे काय घडते, हे आईबापांना ठाऊक नसते.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मधून निघतात आणि कडेला पोहोचतात त्या चाळिसाव्याच्या सुमारास. तिसाव्या आठवड्यात मूल जन्मले, तर कड उघडीच राहते.

वाहिनीला वाट कोण दाखवतो? नळगंगेच्या पाटावर टोकाचा शेतकरी पाण्यासाठी ओरडतो ना, तसेच हे. प्राणवायू कमी पडलेला भाग एक द्रव्य सोडतो, आणि वाहिनीच्या टोकाची पेशी ते ओळखून तिकडे सरकते. अमेरिकेत नेपोलियोन फेरारा यांनी १९८९ साली ते वेगळे काढले. व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारे द्रव्य.

गर्भात प्राणवायू बेताचाच असतो. अवेळी बाहेर आल्यावर, त्यातून नळीने दिल्यावर, तो एकदम वाढतो. ओरडणारा गप्प, की पाट तिथेच थांबला! काही आठवड्यांनी पडदा वाढतो, त्याची भूक वाढते आणि सगळी कड एकदम ओरडू लागते. मग वाहिन्या सैरावैरा फुटतात. त्या कच्च्या असतात, रक्त झिरपते, आणि जखमेचा व्रण आकसून पडदाच जागचा ओढून काढतो. वरून डोळा मात्र चांगला दिसतो.

जास्त प्राणवायूचा यात हात आहे, हे अमेरिकेतील तपासणीत १९५४ च्या सुमारास सिद्ध झाले. पण तो तोडावा तर मूलच दगावते; म्हणून मोजून देतात.

वेळीच कळले, तर लेसर किरणांनी ती उपाशी कड शांत करतात, नाहीतर ते द्रव्य अडवणारे औषध डोळ्यात टोचतात.

चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचे मूल जन्मले, तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासून घ्यावा. फारच लहान असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. एकदा पाहून भागत नाही, डॉक्टर सांगतील तितक्या खेपा घालाव्या लागतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे.

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. इथेच ते तीस दिवस निघून जातात! गावच्या गुरुजींनी, बाईंनी दवाखान्याचा कागद मागून आठवडे आणि वजन तेवढे वाचून दाखवावे. तपासणीला थेंब घालून थोडा वेळ लागतो. मूल रडते खरे, पण लगेच घरी नेता येते.