विलगीकरणातले जहाज

५ फेब्रुवारी २०२० रोजी जपानच्या योकोहामा बंदरापाशी ‘डायमंड प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर कोरोनामुळे विलगीकरण लागू झाले. जहाजावर २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी होते. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले. कर्मचाऱ्यांना मात्र ते शक्य नव्हते.

याचे कारण जहाजाच्या रचनेतच आहे. २००४ साली नागासाकीत बांधून पूर्ण झालेले, २९० मीटर लांबीचे हे जहाज म्हणजे एक तरंगते नगरच. त्याची इंजिने वीज निर्माण करतात आणि त्या विजेवरच जहाज पुढे ढकलणाऱ्या मोटारी, दिवे, वायुवीजन, शीतगृहे व मुदपाकखाने चालतात. जहाज उभे असले तरी वीजनिर्मिती थांबवता येत नाही. गोडे पाणीही समुद्राच्या पाण्यापासूनच तयार होते; त्यासाठी विलगीकरणाच्या काळातही जहाजाला बंदराबाहेर समुद्रात जाऊन यावे लागले.

ही व्यवस्था चालवणारे हात राबतच राहिले. त्यांत १३२ भारतीय होते. कर्मचारी अन्न रांधत, ते प्रवाशांच्या दारापर्यंत पोहोचवीत आणि रात्री बहुतेक जण सहकाऱ्यांसमवेत एकाच खोलीत झोपत. अखेरीस जहाजावरील ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांत कर्मचारीही होते.

विलगीकरणाचा आदेश लिहिताना आपण वैद्यक मंडळी रुग्णाच्या खोलीचा विचार करतो. त्या खोलीत पाणी, वीज आणि अन्न पोहोचवणारा माणूस रात्री कोठे झोपणार, हा प्रश्नही त्याच कागदावर यायला हवा.