वाक्यात लपलेला 'जर'

शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले असते की इंग्रजीतला 'इफ' म्हणजे मराठीतला 'जर'. 'इफ इट रेन्स, वुई विल स्टे अ‍ॅट होम' म्हणजे पाऊस पडला तर आपण घरीच थांबू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीपासून आजच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गापर्यंत हा धडा सर्वांचा झालेला असतो. त्यामुळे वाक्यात 'इफ' दिसला की आपण सावध होतो. गंमत अशी की जाणकार इंग्रज माणूस बोलतो किंवा लिहितो तेव्हा अनेकदा हा 'इफ' वाक्यात नसतोच. अट असते, पण ती एखाद्या छोट्या शब्दाच्या आडोशाला जाऊन बसलेली असते.

'विदाउट वॉटर, देअर वुड बी नो लाइफ' हे वाक्य घ्या. पाणी नसते तर जीवसृष्टीही नसती. यात 'जर' कुठे आहे? 'विदाउट वॉटर' या दोन शब्दांत आहे. 'विदाउट', 'विथ', 'इन', 'अ‍ॅट' अशा शब्दांना इंग्रजीत प्रिपोझिशन म्हणतात. आपल्याकडे त्यांचे काम शब्दयोगी अव्यये आणि विभक्तीचे प्रत्यय करतात. फरक इतकाच की आपल्याकडे ती नामाच्या मागे येतात आणि इंग्रजीत नामाच्या पुढे उभी राहतात. असा शब्द आणि त्याचे नाम मिळून एक पदबंध होतो आणि हा पदबंध 'इफ'च्या अख्ख्या वाक्याची जागा घेतो.

उदाहरणे रोजच्या बोलण्यातली आहेत. 'इन युवर प्लेस, आय वुड रिफ्यूज', म्हणजे तुमच्या जागी मी असतो तर नकार दिला असता. 'अ‍ॅट हाफ द प्राइस, आय वुड बाय टू', म्हणजे निम्म्या किमतीत मिळाले तर दोन घेईन. 'विथ अ लिटल मोअर केअर, द अ‍ॅक्सिडेंट कुड हॅव बीन अव्हॉइडेड', म्हणजे थोडी अधिक काळजी घेतली असती तर अपघात टळू शकला असता.

मग अट आहे हे ओळखायचे कसे? उत्तर पदबंधात नाही, क्रियापदात आहे. एकच पदबंध घेऊन क्रियापद बदलून पाहू.

'विदाउट युवर हेल्प, आय फेल्ड.' तुमच्या मदतीशिवाय मी नापास झालो. मदत मिळाली नाही आणि मी नापास झालो. दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या.

'विदाउट युवर हेल्प, आय वुड हॅव फेल्ड.' तुमच्या मदतीशिवाय मी नापास झालो असतो. इथे मदत मिळाली आणि मी पासही झालो!

'विदाउट युवर हेल्प, आय विल फेल.' मदत केली नाहीत तर मी नापास होईन. इथे परीक्षा अजून व्हायची आहे आणि मदतीचे काय ते तुम्ही ठरवायचे आहे.

पहिले तीन शब्द तिन्ही वाक्यांत तेच आहेत. मदत मिळाली, नाही मिळाली, की मिळायची आहे हे सांगण्याचे काम सर्वस्वी क्रियापदावर पडते. कारण 'विदाउट युवर हेल्प' या शब्दांना काळच नाही. 'इफ'च्या वाक्याला स्वतःचे क्रियापद असते, तेच काळ सांगते. पदबंधाला ते नसते. म्हणून 'वुड' आणि 'वुड हॅव' या शब्दांवर इतका भार येतो. 'विथ' घेतला की अर्थ उलटतो, हेही लक्षात ठेवावे. 'विथ युवर हेल्प, आय वुड हॅव पास्ड' असे कोणी म्हणाले तर ते आभार नव्हेत, ती तक्रार आहे. मदत झाली नाही, म्हणून पास झालो नाही.

यात मराठी माणसाला अवघड वाटण्याचे खरे तर कारण नाही. 'नापास झालो' आणि 'नापास झालो असतो' यांतला फरक आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. आपला 'असतो' जे काम करतो तेच काम तिकडे 'वुड हॅव' करतो. घोटाळा होतो तो आपण पहिल्या शब्दाला मराठी शब्द चिकटवून पुढे धावतो म्हणून. आणि या धावपळीत सर्वांत जास्त दगा देणारी जोडी म्हणजे 'बट फॉर'.

आमच्या शेजारच्या एका वहिनींकडे विमा कंपनीचे पत्र आले होते. त्यांचे यजमान आजारात अतिदक्षता विभागात होते आणि त्या गडबडीत कंपनीला कळवायला उशीर झाला होता. पत्रातले मुख्य वाक्य असे होते: 'बट फॉर द डिले इन इंटिमेशन, द क्लेम वुड हॅव बीन अ‍ॅडमिटेड.' वहिनींनी 'बट' म्हणजे 'पण' असा अर्थ लावला. कळवायला उशीर झाला, पण दावा मंजूर झाला, असे समजून त्या तीन महिने पासबुक भरून आणत राहिल्या. पत्र माझ्या हाती आले तेव्हा मी त्यांना सांगितले की इथला 'बट' हा 'पण' नव्हे. 'बाहेर, वगळून' हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे आणि तो इथे टिकून राहिला आहे. उशीर झाला नसता तर दावा मंजूर झाला असता. म्हणजे झालेला नाही.

मात्र त्या वाक्यातच त्यांची बाजूही दडलेली होती. उशीर सोडला तर बाकी सर्व ठीक होते, अशी कबुलीच कंपनीने 'बट फॉर' लिहून दिली होती. अपरिहार्य कारणाने झालेल्या उशिरासाठी खरे दावे केवळ त्या एका कारणावरून नाकारू नयेत, असे विमा नियामकाने २०११ मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना कळवले आहे. वहिनींनी इस्पितळाचे कागद जोडून फेरविचाराचा अर्ज केला आणि पुढे पैसे मिळाले. अशा वेळी कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. 'बट'चा अर्थ चुकला तर हे वर्ष असेच वाट पाहण्यात निघून जाऊ शकते.

कायद्याच्या जगात तर 'बट फॉर' हे दोन शब्द म्हणजे एक कसोटीच आहे. अमुक माणसाची चूक झाली नसती तर हे नुकसान टळले असते का, असा प्रश्न न्यायालय विचारते. १९६० च्या दशकातला इंग्लंडमधला बार्नेट खटला यासाठी प्रसिद्ध आहे. तीन रखवालदारांनी चहा घेतला आणि त्यांना उलट्या होऊ लागल्या. ते इस्पितळात गेले, पण डॉक्टरांनी त्यांना न तपासता, घरी जा आणि आपल्या डॉक्टरांना बोलवा, असा निरोप परिचारिकेकडून दिला. त्यांतला एक जण काही तासांत दगावला. चहात आर्सेनिक होते. न तपासणे हा हलगर्जीपणाच, असे न्यायालयाने म्हटले. तरीही विधवेचा दावा फेटाळला गेला, कारण तपासले असते तरी उतारा वेळेत देता आला नसता आणि तो वाचला नसता. एका 'वुड हॅव'वर सारा खटला फिरला.

शेवटी एक रोजची पाटी. लिफ्टजवळ लिहिलेले असते, 'इन केस ऑफ फायर, यूज स्टेअर्स.' आग लागल्यास जिना वापरा. आपला 'लागल्यास' इथे चपखल बसतो. पण यातला 'ऑफ' गेला की अर्थ सरकतो. 'टेक अ‍ॅन अंब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस आल्यावर छत्री घ्या असे नव्हे. न जाणो पाऊस आला तर जवळ असावी, म्हणून आधीच घ्या. पाटीवर अट आहे आणि छत्रीच्या वाक्यात खबरदारी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इंग्रजी पत्र, करार किंवा नोटीस हातात आली की आधी क्रियापदाकडे बघा. 'वुड', 'कुड', 'माइट' दिसले तर थांबा आणि मागेपुढे 'विदाउट', 'विथ' किंवा 'बट फॉर' आहे का ते पाहा. मग वाक्य मराठीत 'जर-तर' घालून मोठ्याने म्हणा आणि स्वतःला विचारा, यात प्रत्यक्षात काय घडले आणि काय घडलेच नाही? एवढे उत्तर मिळाले की सही करायला किंवा उत्तर लिहायला हरकत नाही.