विश्लेषण : ओढा, मोबाइल आणि अकरावी… ‘स्ट्रीम’ या एका शब्दाचे अर्थ किती?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘स्ट्रीम कोणती घेणार?’ त्याच घरात कोणी मोबाइलवर सामन्याचे ‘लाइव्ह स्ट्रीमिंग’ पाहत असते, तर हवामानाच्या बातमीत ‘जेट स्ट्रीम’चा उल्लेख येतो. वाहत्या पाण्याचा हा साधा इंग्रजी शब्द इतक्या ठिकाणी कसा पोहोचला आणि त्याचा नेमका अर्थ कळल्याने काय फरक पडतो?

मूळ अर्थ काय?

स्ट्रीम म्हणजे वाहते पाणी, सहसा नदीपेक्षा लहान. मराठीत त्यासाठी ओढा, ओहोळ, झरा, कोकणातला वहाळ असे अनेक शब्द आहेत. भाषाशास्त्रानुसार ‘स्ट्रीम’ आणि संस्कृतमधील ‘स्रु’ म्हणजे वाहणे, पाझरणे हा धातू एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. ‘स्रोत’ आणि ‘रक्तस्राव’मधील ‘स्राव’ हे शब्द याच धातूपासून तयार झाले. म्हणजे इंग्रजीतील ‘रेव्हेन्यू स्ट्रीम’ला आपण ‘उत्पन्नाचा स्रोत’ म्हणतो, तेव्हा नकळत त्याच शब्दाचा भाऊबंद वापरत असतो.

मोबाइलवर काय ‘वाहते’?

व्हिडीओ डाउनलोड करणे म्हणजे आधी टाकी भरून मग पाणी वापरणे. स्ट्रीमिंग म्हणजे थेट नळाखाली भांडे धरणे. व्हिडीओचे काही सेकंदांचे छोटे तुकडे होतात आणि ते एकामागून एक फोनवर येत राहतात. पुढचे काही तुकडे आधीच साठवले जातात. हा साठा संपला आणि नवा माल वेळेत आला नाही, की पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. त्यालाच ‘बफरिंग’ म्हणतात. नेट मंद असेल तर अनेक अॅप चित्राचा दर्जा आपोआप कमी करतात, तो याचसाठी. पाहून झालेले तुकडे सहसा कायमचे साठवले जात नाहीत. त्यामुळे तोच व्हिडीओ पुन्हा पाहिला तर डेटा पुन्हा खर्च होऊ शकतो. वारंवार ऐकायचे व्याख्यान वायफायवर डाउनलोड करून ठेवणे म्हणूनच स्वस्त पडते.

आकाशात आणि समुद्रातही?

जेट स्ट्रीम म्हणजे जमिनीपासून साधारण 9 ते 16 किलोमीटर उंचीवर वेगाने वाहणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा. हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ अशाच पट्ट्याच्या प्रभावाने पूर्वेकडे सरकतात. गल्फ स्ट्रीम हा अटलांटिक महासागरातील उष्ण सागरी प्रवाह. दोन्हींत ओढ्याचेच चित्र आहे : भोवतालच्या पसाऱ्यात ठरावीक वाटेने धावणारा एक पट्टा.

‘मुख्य प्रवाह’ कोण ठरवते?

‘मेनस्ट्रीम’चे मराठी रूप म्हणजे मुख्य प्रवाह. कराडला कृष्णा आणि कोयना जवळपास समोरासमोर येऊन मिळतात, पण पुढे नाव कृष्णेचेच चालते. पाणी मात्र दोघींचे असते. भटक्या जमाती किंवा दिव्यांग यांना ‘मुख्य प्रवाहात आणायचे’ असे म्हटले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे. बदलायचे फक्त येणाऱ्याने, की शाळा, इमारती आणि कार्यालयांनीही, हा प्रश्न या शब्दाआड सहज झाकला जातो.

आणि अकरावीची स्ट्रीम?

इथे शब्दाचे चित्र सर्वांत महत्त्वाचे ठरते. मराठीत आपण ‘शाखा’ म्हणतो. झाडाची फांदी एकदा फुटली की परत खोडाला मिळत नाही. ओढे मात्र पुढे एकमेकांना मिळू शकतात. प्रत्यक्ष स्थिती या दोन्हींच्या मधली आहे. बारावी विज्ञाननंतर कला किंवा वाणिज्य पदवीकडे वळता येते. उलट दिशेने वाट अवघड आहे, कारण अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाला बारावीत ठरावीक विषय लागतात. ‘दारे उघडी राहावीत’ म्हणून विज्ञान घेण्याचा कल त्यातूनच येतो. पण त्या विषयांत मन नसलेल्या मुलाला त्याची किंमत दोन वर्षे मोजावी लागते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून करता येतो. नागरी सेवा परीक्षेलाही कोणत्याही शाखेची पदवी चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नसाव्यात, अशी भूमिका आहे.

गोंधळ कुठे होऊ शकतो?

ब्रिटनमधील शाळांत ‘स्ट्रीमिंग’ म्हणजे गुणवत्तेनुसार मुलांचे वेगवेगळे वर्ग करणे. आपल्याकडच्या ‘हुशार मुलांची अ तुकडी’सारखा तो प्रकार आहे. त्याचा विषय निवडण्याशी संबंध नाही. आपल्याकडे मात्र विषयाची स्ट्रीम हीच हुशारीची पायरी मानली जाते आणि 85 टक्के मिळवून कला शाखा निवडणाऱ्या मुलीला ‘असे का?’ म्हणून विचारले जाते.

प्रवेश अर्ज भरताना म्हणूनच स्ट्रीमच्या नावापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात : हव्या असलेल्या पुढच्या अभ्यासक्रमाला बारावीत कोणते विषय लागतात आणि ते विषय निवडलेल्या महाविद्यालयात शिकवले जातात का. ही उत्तरे मिळाली, की स्ट्रीम कोणती हा प्रश्न बराच सोपा होतो.